मातीतले जिवाणू, साखर आणि आपला कापडधंदा

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीचे कोरे कापड प्रोसेस हाऊसमध्ये पोहोचले की त्याच्यावर पहिले काम होते ते कांजी काढण्याचे. लूमवर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला स्टार्चची कांजी चढवलेली असते. ती पुरती निघाली नाही तर रंग कोठे फिका, कोठे गडद धरतो आणि गिऱ्हाईक ठाण परत करते. पूर्वी हे कापड पाण्यात रात्रभर कुजवत ठेवीत किंवा पातळ तेजाबातून काढीत. तेजाबाची मात्रा जरा जास्त झाली की सूतच कमजोर होई. आता बहुतेक ठिकाणी त्या पाण्यात एन्झाइम टाकतात. पाणी साधारण ६० ते ७० अंश गरम ठेवले की हे एन्झाइम फक्त स्टार्चला तोडते, सुताला हात लावीत नाही.

हे एन्झाइम कोणी कारखान्यात भट्टीवर उकळून बनवलेले नसते. ते बॅसिलस नावाच्या जिवाणूंनी बनवलेले असते आणि या जिवाणूंचे मूळ घर म्हणजे शेताची माती. बॉइडिन आणि एफ्राँ या दोन संशोधकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात जिवाणूंपासून हे एन्झाइम काढण्याची रीत बसवली आणि ते सर्वांत आधी कापडधंद्यातच खपले. म्हणजे मातीतल्या जिवाणूला कामाला लावून माल काढणे ही काही परग्रहावरची गोष्ट नाही. आपल्या धंद्यात ती शंभर वर्षांपासून आहे, फक्त कॅनवरचे लेबल वाचायची आपल्याला सवय नाही.

हा विषय या पानावर घेण्याचे कारण असे की आता गोष्ट कांजीपुरती राहिलेली नाही. साखर खाऊ घालून जिवाणूंकडून रंग, धागा, औषध, मसाल्यातला पदार्थ असे बरेच काही काढले जात आहे. त्यातले काही बाजारात स्थिरावले आहे, काही अजून प्रयोगशाळेच्या बाहेर पाय टाकते आहे आणि काही केवळ जाहिरातीत आहे. या तिन्हींत फरक करता आला नाही तर नुकसान आपले आहे.

जंतू म्हणजे रोगच नव्हे

आपल्याकडे जंतू म्हटले की रोग आठवतो. वास्तविक रोग पसरवणारे जिवाणू थोडे आणि निरुपद्रवी किंवा उपयोगी जिवाणू फार जास्त. एका ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून जो वास येतो त्यात मोठा भाग जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि हा पदार्थ स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तयार करतात. अत्तराचा धंदा करणाऱ्या बंधूंना कनौजचे मिट्टीचे अत्तर माहीत आहे. ते भाजलेल्या मातीपासून चंदनाच्या तेलात उतरवतात, ती रीत वेगळी. पण ज्या वासाची आठवण म्हणून ते विकले जाते, तो वास मूळचा या जिवाणूंच्या कारखान्यातला. अल्लाहची कुदरत अशी की नाकाने आपण त्याला लाखो वर्षांपासून ओळखतो आणि त्याच्या मालकाचा पत्ता मात्र १९६० च्या दशकात लागला.

आता साखरच का, हे समजून घेऊ. साखर ही जिवाणूसाठी इंधनही आहे आणि कच्चा मालही. आपण लाकडाचा ओंडका आणला तर काही जळणाला लागतो आणि काहीचे सुतार खिडकी-दरवाजे करतो, तसेच जिवाणू साखरेतील काही भाग जाळून ताकद मिळवतो आणि उरलेल्या कार्बनपासून स्वतःचे सारे शरीर घडवतो. आम्ले, जीवनसत्त्वे, रंग, कातडीसारखे आवरण, शत्रूला मारायचे विष, हे सारे त्या एका साखरेतून. पेट्रोलियमच्या कारखान्यात जे काम मोठे तापमान, दाब आणि तेजाबाने होते ते हा प्राणी ३० अंशांच्या कोमट पाण्यात करतो.

मग अडचण काय? अडचण ही की जिवाणू फार काटकसरी दुकानदार आहे. जो माल त्याला लागत नाही तो तो बनवीत नाही आणि गोदाम भरले की लगेच काम बंद करतो. सारे विज्ञान आहे ते त्याची ही सवय मोडण्यात. त्याने एकच माल गरजेपेक्षा शेकडो पट बनवावा आणि गोदामाचे दारही उघडे ठेवावे, अशी युक्ती शोधावी लागते.

याचे उत्तम उदाहरण जपानचे. १९५० च्या दशकात क्योवा हाक्को या कंपनीतील किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या नमुन्यांतून एक जिवाणू वेगळा केला, जो साखर खाऊन ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकीत होता. चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड टाकतात तिचा हा मूळ पदार्थ. पुढे समजले की बायोटिन नावाचे जीवनसत्त्व कमी पडले की या जिवाणूचे आवरण गळके होते आणि आतला माल बाहेर झिरपतो. उसाच्या मळीत बायोटिन भरपूर असते, त्यामुळे मळी वापरली तर आवरण पक्के राही आणि माल बाहेर येईना. त्यावर उपाय म्हणून मळीच्या टाकीत थोडे पेनिसिलिन किंवा साबणासारखा पदार्थ घालू लागले. गळतीचा असा धंदा दुसरा नसेल! आज त्याच कुळातल्या जिवाणूंपासून ग्लुटामेट आणि लायसिन दरसाल लाखो टन निघते. लायसिन म्हणजे कोंबडीच्या खाद्यात घालतात तेच. पोल्ट्रीवाल्या बंधूंनी खाद्याच्या गोणीवर ते नाव वाचले असेल.

पिंपरीची मातीही कामाला लागली

महाराष्ट्राला हे शास्त्र नवे नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन निघू लागले. पेनिसिलिन बुरशीपासून बनते. पण पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले आणि ते मात्र थेट मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत लागला. प्रत्यक्ष काम करणारा विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ होता, नोबेल पारितोषिक १९५२ मध्ये एकट्या वॅक्समन यांना मिळाले. (उस्ताद आणि शागिर्द यांच्या हिशेबाचे भांडण सर्व धंद्यांत आहे.) क्षयावर खरा इलाज करणारे हे पहिले औषध. लूमच्या वस्त्यांत सुताची धूळ, कोंदट हवा आणि एका खोलीत आठ-दहा माणसे, त्यामुळे टीबी म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पिंपरीची अधिक अभिमानाची गोष्ट पुढे आहे. तेथील शास्त्रज्ञ थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा जिवाणू शोधला, गावाच्या नावावरून त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव दिले आणि त्याच्यापासून बुरशीच्या रोगांवरचे हॅमायसिन हे औषध काढले. हॅमायसिन या नावातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे कंपनीच्या नावाची आहेत. म्हणजे जिवाणूला गावाचे नाव आणि औषधाला कारखान्याचे.

अशा कारखान्यात काम कसे चालते तेही थोडक्यात पाहू, कारण पुढचा खर्चाचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे. मोठ्या स्टीलच्या टाकीत पाणी, साखर, सोयाबीनचा भुगा किंवा तसाच नायट्रोजनचा पदार्थ आणि थोडे क्षार घालतात. वाफेने सर्व निर्जंतुक करतात. मग हवा तसा एकच जिवाणू त्यात सोडतात. खालून गाळलेली हवा फुंकतात, पंख्याने ढवळतात आणि तापमान सांभाळतात. बाहेरचा एखादा फुकटखाऊ जंतू शिरला तर सारी टाकी गटारात ओतावी लागते. काही दिवसांनी काम पुरे झाले की खरी कसोटी सुरू होते. टाकीत मुख्यतः पाणीच असते आणि आपला माल लिटरमागे काही ग्रॅम. ग्लुटामेटसारख्या जुन्या मुरलेल्या मालात तो लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर जातो, नव्या मालात पाच-दहा ग्रॅमही मुश्किलीने. पाण्यातून तो वेगळा करून शुद्ध करणे यातच पुष्कळदा निम्मा खर्च होतो.

जिवाणूने काय खाल्ले, हाही प्रश्न आहे

खाद्यपदार्थ, मसाले आणि औषधे यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंसाठी एक घटना सविस्तर सांगितली पाहिजे. इंडोनेशियात २००० सालच्या अखेरीस असे उघड झाले की अजिनोमोतो कंपनीच्या तेथील कारखान्यात जिवाणूंचे मूळ बियाणे सांभाळण्यासाठी जे खाद्य वापरले जात होते, ते तयार करताना डुकरापासून मिळवलेले एन्झाइम वापरलेले होते. तयार पुडीत डुकराचा अंश सापडला असे नव्हे. कच्चा माल उसाची मळी, जिवाणू मातीचा, पण बियाण्याच्या खाद्याची साखळी मागे नेली तर तेथे पोहोचत होती. तेथील उलेमा कौन्सिलने माल हराम ठरवला. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, जे स्वतः आलिम होते, त्यांनी तो हलाल असल्याचे मत दिले. उलेमांमध्येच मतभेद झाला. तरी कंपनीला जानेवारी २००१ मध्ये बाजारातून माल परत घ्यावा लागला, तिचे अधिकारी अटकेत गेले आणि खाद्य बदलल्यानंतरच पुन्हा प्रमाणपत्र मिळाले.

कोणाचे मत बरोबर हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, तो उलेमांचा आहे. मी व्यापारी म्हणून एवढेच पाहतो की मसल्याचा निकाल लागेपर्यंत माल दुकानात पडून राहिला आणि छोट्या दुकानदाराचे भांडवल अडकले. म्हणून अशा मार्गाने बनलेला खाण्याचा पदार्थ घाऊक घेताना, विशेषतः आखाताकडे पाठवायचा असेल तर, जिवाणू कोणता याबरोबरच त्याचे बियाणे कशावर वाढवले हेही लेखी मागावे. कापडाच्या रंगाबाबत किंवा धाग्याबाबत हा प्रश्न त्या प्रमाणात येत नाही, कारण ते खाल्ले जात नाही.

रसायनीचे अ‍ॅनिलीन आणि निळीची गोष्ट

आता आपल्या घराजवळ येऊ. पनवेलपासून जवळ असलेल्या रसायनी या ठिकाणाचे नावच कारखान्यावरून पडले आहे. तेथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. रंग, औषधे आणि रबर या धंद्यांना लागणारी मूळ रसायने परदेशातून आणावी लागू नयेत, हा तिचा हेतू. नायट्रोबेन्झीन आणि त्यापासून अ‍ॅनिलीन हा तेथील एक मुख्य माल. पनवेल-उरण पट्ट्यातील पुष्कळ घरांना या भागातील रसायनांच्या कारखान्यांनी रोजी दिली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणासाठी लागणारे एक द्रव्य बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे देण्याचे ठरले. आज आमच्या गव्हाण फाट्यावरून न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर रात्रंदिवस धावतात, आणि त्यांतून बाहेरचा रंग व रसायने येतात.

अ‍ॅनिलीन या शब्दाची एक मजा आहे. तो अरबी 'अन्-नील' वरून आला आणि अरबीत 'नील' आला तो संस्कृतातून. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी निळीच्या झाडाचा रंग तापवून त्यातून हे द्रव्य काढले म्हणून त्याला निळीचेच नाव दिले. पुढे उलटे झाले. निळीतून निघालेले अ‍ॅनिलीन कोळशाच्या डांबरातून स्वस्त निघू लागले आणि नीळही कारखान्यात बनू लागली. जर्मनीत बायर यांनी ती प्रथम कृत्रिम रीतीने बनवली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने ती बाजारात आणली. त्या वर्षी जगात झाडापासून सुमारे १९,००० टन नीळ निघत होती. १९१४ पर्यंत ती सुमारे १,००० टनांवर आली. सतरा वर्षांत एक जुना धंदा बसला.

यात कोणाचे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. चंपारणमध्ये गोऱ्या मळेवाल्यांचा नफा घटला, तेव्हा त्यांनी निळीच्या सक्तीतून सुटका देण्याच्या नावाखाली कुळांकडून रोख रक्कम आणि वाढीव खंड वसूल केला. तेथूनच १९१७ चा सत्याग्रह उभा राहिला. मालाची पद्धत बदलते तेव्हा घाटा वरून खाली सरकत जातो आणि ज्याला बातमी सर्वांत शेवटी कळते त्याच्या पदरी पडतो.

आता मातीतल्या जिवाणूने या गोष्टीत प्रवेश केला आहे. स्युडोमोनास पुटिडा नावाचा एक जिवाणू मातीत राहतो आणि नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्या, खाऊन पचवतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅमजेन कंपनीत त्याचे हे पचवण्याचे गुण दुसऱ्या एका जिवाणूत घातले गेले, तेव्हा काचेच्या बशीतील वसाहती निळ्या पडल्या. शोधायला गेले होते दुसरेच, मिळाली नीळ. त्या जिवाणूत आधीच तयार होणारा इंडोल नावाचा पदार्थ या नव्या गुणामुळे निळीत बदलत होता. १९९० च्या दशकात जेनेनकोर या कंपनीने याच वाटेने साखरेपासून नीळ काढण्याची पद्धत बरीच पुढे नेली.

रंगारी बंधूंना या कामातली एक अडचण विशेष आवडेल. जिवाणूने केलेल्या निळीने रंगवलेल्या डेनिमवर लालसर झाक येऊ लागली. तपास केल्यावर कळले की टाकीत आयसॅटिन नावाचा एक उपपदार्थ तयार होतो आणि त्यापासून निळीची तांबडी बहीण बनते. मग हे आयसॅटिन तोडणारे आणखी एक एन्झाइम त्याच जिवाणूत घालावे लागले. झाक गेली. शेड मिळाली. पण भावाचा सामना जमला नाही. बाजारातली रासायनिक नीळ स्वस्त होती आणि ही नीळ मागे पडली.

प्रयत्न मात्र थांबलेले नाहीत. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. निळीच्या झाडाच्या पानात नीळ तयार नसते, तिच्या आधीचा पदार्थ साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेला असतो. जिवाणूकडून तोच बांधलेला पदार्थ बनवून घ्यायचा, तो पाण्यात सहज विरघळतो, कापडावर चढवायचा आणि मग एन्झाइमने साखर सोडवायची, की कापडावरच नीळ उमटते. यात हायड्रो लागत नाही. हायड्रोचा वास, त्याने खराब होणारे पाणी आणि पिंपात जाणारा पैसा यांचा अनुभव असलेल्यांना याचे मोल कळेल. पण ही पद्धत अजून पिंपावर काम करणाऱ्या साध्या रंगाऱ्याच्या हातात आलेली नाही. कोणी आज 'जिवाणूची नीळ' म्हणून ड्रम विकायला आला तर आधी कागद पाहावेत.

अ‍ॅनिलीनसाठीही हीच वाट शोधली जात आहे. जर्मनीच्या कोव्हेस्ट्रो कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये लेव्हरकुझेन येथे छोटा प्रायोगिक कारखाना सुरू केला. त्यात सूक्ष्मजीव साखरेपासून मधला पदार्थ बनवतात आणि पुढे रसायनाच्या रीतीने त्याचे अ‍ॅनिलीन होते. निळीपासून अ‍ॅनिलीन, डांबरापासून अ‍ॅनिलीन, बेन्झीनपासून अ‍ॅनिलीन आणि आता साखरेपासून. नाव तेच राहिले, दर वेळी कच्चा माल बदलला.

हिशेब कसा करावा

जाहिरातीत नेहमी म्हणतात, 'साखरेपासून बनवले'. व्यापाऱ्याने विचारायचे, 'किती साखरेपासून?' रसायनशास्त्राने याची एक हद्द ठरवून दिली आहे, तिच्यापुढे कोणाची हुशारी चालत नाही. एक किलो साखरेपासून लॅक्टिक आम्ल जास्तीत जास्त एक किलो ५० ग्रॅम निघू शकते, कारण साखरेचा जवळजवळ सर्व कार्बन त्यात उतरतो आणि वर थोडे पाणी जोडले जाते. तेच अल्कोहोल मात्र जास्तीत जास्त ५४० ग्रॅम, कारण बाकीचा भाग वायू होऊन उडून जातो. (अल्कोहोल मुख्यतः यीस्ट बनवते, जिवाणू नव्हे, पण हिशेबाला फरक पडत नाही.) केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा कारखान्यातील किमान विक्री भाव किलोला ३१ रुपये ठरवला होता. त्या भावाने धरले तर एक किलो लॅक्टिक आम्लात निदान साडेएकोणतीस रुपयांची साखर जाते आणि एक किलो अल्कोहोलात निदान ५८ रुपयांची. वाफ, वीज, मजुरी, शुद्धीकरण वेगळे. म्हणूनच अल्कोहोलासाठी मळीसारखा स्वस्त माल शोधतात. नीळ किंवा अ‍ॅनिलीन यांच्या बाबतीत साखरेतील कार्बनचा आणखी मोठा भाग वाटेत खर्च होतो, आणि म्हणून तेथे गणित अवघड आहे.

दुसरी गोष्ट, साखर हा सरकारच्या नियंत्रणातला माल आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी येणार असे दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर एकाएकी बंधने घातली आणि पुढच्या हंगामासाठी ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. ज्यांनी त्या भरवशावर यंत्रे बसवली होती त्यांचे काय झाले असेल ते आपण समजू शकता. लोकांच्या चहातली साखर आधी, हे धोरण मला स्वतःला योग्य वाटते. पण जो धागा किंवा रंग साखरेवर उभा आहे त्याचा भाव पावसावर आणि दिल्लीच्या परिपत्रकावर हलणार, हे लिहून ठेवावे.

धागा

पॉलिएस्टर आपल्या जिल्ह्यात नवा नाही. पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला आणि भिवंडीच्या लूमचे चित्र बदलण्यात अशा धाग्याचा मोठा वाटा आहे. त्याचा कच्चा माल पेट्रोलियम. साखरेच्या बाजूने त्याला उत्तर म्हणून पुढे केला जाणारा धागा म्हणजे पीएलए. साखरेपासून जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल बनवायचे आणि त्याची साखळी जोडून धागा किंवा प्लॅस्टिक करायचे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे याचा मोठा कारखाना २००२ पासून आहे. आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये याचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू अधिक करून दह्यात आणि झाडपाल्यावर असतात, त्यांना निव्वळ मातीतले म्हणता येणार नाही, पण धंद्याची रीत तीच.

या धाग्याचे कापड हाताळायचे असेल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. पॉलिएस्टर २५५ ते २६० अंशांवर वितळते, पीएलए १७० च्या आसपास. पॉलिएस्टर आपण १३० अंशांवर दाबाखाली रंगवतो. पीएलए तसे रंगवले तर धाग्याची ताकद जाते, ते ११० च्या आसपासच रंगवावे लागते. गरम इस्त्री तर त्याला सोसतच नाही. शिंपी बंधूंनी कपड्याच्या टोकावर आधी हलकी इस्त्री करून पाहावी, नाहीतर गिऱ्हाइकाचा शर्ट आणि आपली मजुरी दोन्ही जातील.

आणि 'मातीत मिसळून जातो' या दाव्याबद्दल. पीएलए कुजते हे खरे, पण त्याला खताच्या मोठ्या कारखान्यासारखी साधारण ६० अंशांची उष्णता आणि ओल लागते. परसातल्या खड्ड्यात किंवा खाडीत टाकले तर ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. उलट दुसरा एक धागा पाहा. ड्युपाँटने बाजारात आणलेल्या सोरोना धाग्यातील एक घटक २००६ पासून अमेरिकेत टेनेसी राज्यात मक्याच्या साखरेपासून जिवाणूंकडून बनवला जातो. पण वजनाने पाहिले तर त्या धाग्यात वनस्पतीचा भाग सुमारे ३७ टक्के, बाकी पेट्रोलियम, आणि तो कुजणाराही नाही. धागा उत्तम आहे, मऊ आहे, ताण सोसतो, त्यात वाद नाही. पण दुकानात तो 'शंभर टक्के साखरेचा, निसर्गात विरघळणारा' म्हणून विकला गेला तर ती फसवणूक होईल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून खालची ओल बाहेर काढली होती, ही हदीस आपण मशिदीत अनेकदा ऐकली आहे. लेबलवरचे ३७ टक्के हे खालचे ओले धान्य समजावे आणि ते वर ठेवावे. पुरवठादाराकडून माल घेताना वनस्पतीचा भाग किती टक्के, कुजतो की नाही, कुजत असेल तर कोणत्या उष्णतेला आणि किती दिवसांत, हे बिलाबरोबर लेखी मागितले तर खरा माल विकणारा रागावत नाही.

ज्यांची मुले बारावीला विज्ञान घेऊन 'पुढे काय' विचारीत आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. या धंद्यात सूक्ष्मजीवशास्त्राची बीएस्सी आणि रसायन अभियांत्रिकी, दोन्हींची गरज लागते. माटुंग्याची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, जी जुन्या लोकांना यूडीसीटी म्हणून माहीत आहे, १९३३ पासून आहे आणि तिची सुरुवातच कापडाच्या रसायनशास्त्रातून झाली. पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, जेथे साखर आणि अल्कोहोल यांच्या तंत्राचे शिक्षण मिळते. अल्कोहोल हा शब्द ऐकून काही पालक मागे सरतात, त्यांनी आपल्या भागातील आलिमांशी बोलून घ्यावे. त्याच शास्त्रातून औषधे, आम्ले आणि पशुखाद्यही बनते. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. बियाण्याच्या दुकानासारखा. कारखान्याला किंवा महाविद्यालयाला हवा तो जिवाणू तेथून शुल्क भरून रीतसर मागवता येतो, छोट्या काचेच्या नळीत.